पाय पुढे, डोकं मागे

“म्हातारा बाजूला झाला होता. वाट मोकळी होती. मग स्ट्रेचर का फिरवलंत?”

दर्ग्याच्या पायरीवर बसून फकीर दस्तगीरबाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. नख निम्मं उखडलं होतं.

“बाबा, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकलं.”

“मग?”

“आतून जरा हळद आण.”

धैर्यशीलनं हळद आणली नाही. रुग्णवाहिकेतल्या पेटीतून आयोडीनची बाटली काढली आणि बाबाच्या शेजारी पायरीवर आपटली. लावून दिलं नाही.

बाबानं बाटली उचलली. झाकण त्याला उघडेना. धैर्यशील बघत उभा राहिला.

हा दर्गा घाटाच्या शेवटच्या वळणावर आहे. वरून येणाऱ्या गाड्या इथं वळतात. काही वळत नाहीत. त्या दरीत जातात, आणि मग बाबाचं काम सुरू होतं. पूर्वी तो माणसं बाजेवर घालून वर आणायचा. पुढं दर्ग्याच्या ट्रस्टनं एक जुनी रुग्णवाहिका घेतली. तिच्या दोन्ही बाजूंना ट्रस्टींची नावं एवढी मोठी रंगवली की ‘रुग्णवाहिका’ हा शब्द मागच्या दारावर ढकलावा लागला. या नावांपैकी एकही नाव आजवर स्ट्रेचरला हात लावायला आलेलं नाही. गाडीबरोबर फोटो काढायला सगळी आली होती.

बाबाही काही संत नव्हता. स्वतःची तंबाखू लपवायचा आणि दुसऱ्याची मागून खायचा. नको असलेला प्रश्न आला की बहिरा व्हायचा. वयानं मोठ्या माणसांना हे बरं जमतं. लहानांनी केलं तर त्याला उद्धटपणा म्हणतात.

पण स्ट्रेचरचे नियम त्यानं पक्के घालून दिले होते.

उतारावर आजाऱ्याचे पाय पुढे, डोकं मागे. मागून उचलणारा डोक्याकडे असतो, त्याला आजाऱ्याचा चेहरा सतत दिसतो. ओठांचा रंग बदलला, डोळे फिरले, तर त्याला आधी कळतं. म्हणून डोक्याकडचा सांगेल आणि पायाकडचा ऐकेल. मग डोक्याकडचा काल आलेला का असेना.

धैर्यशील आला तेव्हापासून त्याला ती जागा हवी होती. तो तालमीतला गडी होता. उंच, खांद्यानं रुंद, मान ताठ. कुठल्याही पैलवानापेक्षा जास्त वजन उचलून दाखवायचा, आणि दाखवून झाल्यावर आजूबाजूला कोणी बघितलं का तेही बघायचा. बाबा त्याला दर वेळी पायाकडे उभा करायचा. का, ते सांगायचा नाही. ड्रायव्हर सर्जेराव चिडवायचा, “पैलवान, पाय धरून धरून पुण्य लागेल तुला.”

आज मात्र गाडीत बसता बसता बाबा म्हणाला होता, “डोक्याकडे तू.”

एवढंच. धैर्यशीलनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या.

निरोप धनगरवाड्यावरून आला होता. बाबू ढेबे नावाचा माणूस हिरडे काढताना झाडावरून पडला होता. रस्ता संपतो तिथं सर्जेरावनं गाडी थांबवली आणि परतीसाठी फिरवून लावली. पुढं चढण. बाबा आणि धैर्यशील स्ट्रेचर घेऊन चढले.

घर पत्र्याचं. दाराच्या चौकटीला कधीतरी पोरीच्या लग्नात दिलेला हिरवा तेलरंग, त्याचे पोपडे सुटलेले. बाबूला लोकांनी झाडाखालून उचलून घरात आणून निजवलं होतं. उचलू नये असं सगळं उचलून झालं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं आणि मांडी सुजून टणक झाली होती. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता, म्हणून घरच्यांना वाटत होतं की फार लागलेलं नाही. रक्त आत जात होतं.

अशा मांडीला थांबायला वेळ नसतो. धैर्यशीलला ते माहीत होतं. पाय त्यानं फळीला नीट बांधला, हलू दिला नाही. पट्टे आवळले. काम त्यानं चोख केलं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

बाबूचा चेहरा राखेसारखा झाला होता. दात आवळलेले. तो काही बोलत नव्हता.

“उचला,” धैर्यशील म्हणाला. बाबानं पायाकडून उचललं.

बाबा दाराबाहेर पडला. त्याच्यामागून बाबूचे पाय बाहेर आले. आणि अंगणात कोंडिबा ढेबे आडवा आला. बाबूचा चुलता. डोक्याला फेटा, हातात काठी, घरातला सगळ्यात मोठा माणूस. आल्यापासून त्यानं कशालाही हात लावला नव्हता. म्हाताऱ्या माणसांना एक काम फार छान जमतं, ते म्हणजे दारात उभं राहणं.

“पाय म्होरं करून कुठं न्हेता त्याला? मेला न्हाई त्यो.”

बायकांनी तोंडाला पदर लावले. पाय पुढे करून घरातून कोण निघतं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

धैर्यशीलनं आधी नीट सांगितलं. उतार आहे. डोकं मागे असलं की चेहरा दिसतो. आमची रीतच अशी आहे.

“तुमची रीत तुमच्या घरी,” कोंडिबा म्हणाला.

धैर्यशीलनं स्ट्रेचर पुढं ढकललं. ते जाईना. पुन्हा ढकललं. कुठंतरी अडकलं होतं.

“दार अरुंद आहे, बाबा. तिरकं घ्या जरा.”

बाबानं मान वळवून मागं पाहिलं. तिरकं घेतलं नाही. पाहत राहिला…

धैर्यशीलला तेवढी उसंत नव्हती. अंगणात ऊन रणरणत होतं, घरात अंधार होता, आणि त्या अंधारातून तो उन्हातल्या कोंडिबाशी बोलत होता. कोंडिबानं आपल्या आज्याचा दाखला दिला, भावाचा दिला, शेवटी देवाचा दिला. धैर्यशीलनं एकेक दाखला मोडून काढला. त्यानं विचारलं, उचलून आत आणायची अक्कल कुणाची होती? मांडी दाबून बघायची कुणाची? कोंडिबाला उत्तर आलं नाही, तेव्हा त्याचा आवाज चढला. धैर्यशीलचा त्याच्यावर चढला.

“हा इथं मेला ना,” धैर्यशील म्हणाला, “तर झाडामुळं नाही मरणार. तुझ्यामुळं मरेल. आणि मी ते सगळ्या पंचक्रोशीत सांगत फिरेन.”

बायका कोंडिबाकडे बघू लागल्या.

कोंडिबाची काठी खाली आली. तो एक पाऊल सरकला. मग आणखी एक. बाबूची बायको रडायची थांबली होती. ती म्हणाली, “न्या. कसंबी न्या.”

धैर्यशील जिंकला होता. खरंच जिंकला होता, आणि तो बरोबर होता.

तेवढ्यात बाबानं आपली बाजू उंबऱ्यापाशी खाली टेकवली.

“खाली ठेव.”

“काय?”

“ठेव. आत घेऊ. फिरवायचं.”

धैर्यशीलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. डोक्याकडे तो होता. हुकूम त्याचा होता.

“बाबा, वाट दिली त्यांनी.”

“दिसलं.”

“मग?”

 बाबा आत आला, बाबूच्या उजव्या अंगाला वाकला, काहीतरी हळूहळू सोडवल्यासारखं केलं. पट्टा सारखा करत असेल. मग म्हणाला, “हं. ओढ आता.”

ओढलं तर स्ट्रेचर सहज आत आलं.

कोपऱ्यातली मडकी बाजूला केली. शेळीचं करडू बाहेर हाकललं. स्ट्रेचर फिरवलं. बाबूचं डोकं दाराकडे आलं आणि पाय घरात.

“तू पायाकडे ये,” बाबा म्हणाला.

हे सगळ्यांच्या देखत.

हरलेला म्हातारा असा फुकट जिंकला की किती ताठ होतो, ते त्या दिवशी अंगणात बघायला मिळालं. कोंडिबानं फेटा सारखा केला. बायकांकडे एकदा पाहून घेतलं. मग दोन्ही हात जोडले, पण ते बाबाला नाही, आकाशाला. स्ट्रेचरला हात त्यानं तेव्हाही लावला नाही.

धैर्यशीलनं पायाकडची दांडी उचलली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“असं नेलं तर चेहरा कोण बघणार?” त्यानं विचारलं.

बाबा तोवर उलटा फिरला होता. दांड्या धरून, बाबूच्या तोंडाकडे तोंड करून, वाटेकडे पाठ.

“मी.”

“आणि वाट?”

“तुला दिसते की.”

म्हणून त्या दिवशी धनगरवाड्याची उतरण एका म्हाताऱ्या फकिरानं उलट्या पावलांनी उतरली. डोक्याकडची बाजू खाली जाऊ नये म्हणून त्यानं दांड्या छातीशी धरल्या होत्या. पायाकडची बाजू वर राहू नये म्हणून धैर्यशीलला गुडघ्यांपर्यंत वाकून चालावं लागत होतं. एवढा उंच माणूस, पार घडी झालेला.

आणि त्याला बोलावं लागत होतं. नाहीतर बाबा पडला असता.

“डावीकडे दगड.”

“हं.”

“पायरी आहे. खोल.”

“हं.”

“डावीकडे म्हटलं, उजवीकडे नाही.”

“माझी डावी की तुझी?”

धैर्यशीलनं दात खाल्ले. पुढं तो बाबाची डावी-उजवी सांगू लागला.

एका ठिकाणी बाबाचा पाय मुळात अडकला. अंगठ्याचं नख तिथंच गेलं. दांड्या हलल्या नाहीत. बाबाचं तोंड वाकडं झालं तेवढंच, आणि तेही त्यानं लगेच सरळ केलं, कारण बाबू त्याच्याकडेच बघत होता.

बाबा त्याच्याशी बोलत होता. काही मोठं नाही. शेळ्या किती, त्यातली खोडकर कोणती, करडू कुणाचं. बाबूकडून उत्तर येत नव्हतं. मग एकदा त्याचे ओठ हलले.

“कुठवर आलो?” तो म्हणाला. पडल्यापासून तेच त्याचं पहिलं बोलणं.

“धैर्या,” बाबानं विचारलं, “कुठवर आलो रे?”

“ओढा आला,” धैर्यशील म्हणाला.

“ओढा आला, बाबू.”

बाबूनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. ओढा ओलांडला. गाडी दिसली.

गाडीत बाबूजवळ धैर्यशील बसला. बाबा पुढं, सर्जेरावशेजारी. भोंगा लागला. धैर्यशीलनं बाबूच्या बोटाला ऑक्सिजन बघायची क्लिप लावली. आकडा येईना. बोट गार होतं, मळलेलं होतं, नखात हिरवं काहीतरी गच्च भरलं होतं. झाडावरून पडलेला माणूस, पाला असेल. त्यानं कापसाच्या बोळ्यानं बोट पुसलं, नख कोरलं. दुसरं बोट घेतलं, त्यातही तेच. तो बोळा खाली टाकून नवा घेतला. शेवटी डाव्या हाताच्या बोटाला क्लिप लागली. आकडा आला. वाईट होता, पण होता.

पुढून बाबा मान वळवून बघत होता. धैर्यशीलनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

रुग्णालयात बाबूला आत घेतलं. रक्त चढवलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की बराच रक्तस्राव झालाय, पण जगेल. चालेल का ते पुढं बघू.

गाडी परत दर्ग्यावर आली तेव्हा दुपार कलली होती. सर्जेरावला वाडीवरून फोन येऊन गेला होता. तो नळीनं गाडी धूत होता आणि मोठ्यानं सांगत होता की तिकडं कोंडिबाचा जयजयकार चाललाय. डोकं म्होरं केलं म्हणून पुतण्या वाचला, असं म्हणतायत. नारळ फोडणार आहेत.

धैर्यशील तेव्हाच पायरीपाशी येऊन उभा राहिला, आणि त्यानं तो प्रश्न विचारला.

बाबानं आयोडीनचं झाकण शेवटी दातानं उघडलं. त्यानं अंगठ्यावर थेंब सोडले. सुस्कारा टाकला.

“उत्तर नाही ना तुमच्याकडे?” धैर्यशील म्हणाला. “मग मी सांगतो. तुम्ही घाबरलात. फेटा दिसला की तुमच्या पिढीची मान खाली जाते. तुम्ही नियम करता, आम्हाला पाठ करायला लावता, आणि कुणी काठी आपटली की पहिले तुम्हीच मोडता. मी भांडून वाट काढली होती. तुम्ही ती परत केली.”

बाबा ऐकत होता. या वेळी बहिरा झाला नाही.

“बाबूचं रक्त जात होतं. मडकी हलवत बसलो आपण. करडू हाकलत बसलो. त्यात तो गेला असता तर?”

“गेला असता,” बाबा म्हणाला.

“हेच उत्तर?”

“गेला असता, हे खरं आहे.”

“आता प्रत्येक वाडीवर हेच होणार. पाय पुढे घेतले की काठी आडवी येणार. दर वेळी उलटं चालणार आहात? या वयात?”

बाबानं बाटलीचं झाकण लावलं.

सर्जेरावनं नळी बंद केली. त्याला ऐकायचं होतं.

“मी जातो,” धैर्यशील म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि म्हणून तो खरं बोलतोय हे कळत होतं. “मला एवढंच सांगा. मी बरोबर होतो की नाही?”

“होतास.”

“नियम बरोबर होता?”

“होता.”

“म्हातारा हटला होता?”

“हटला होता.”

“आणि तरी फिरवलंत.”

…

बाबा उठला. एका टाचेवर भार देत, लंगडत गाडीकडे गेला. सर्जेरावनं हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. मागचं दार उघडून आत चढला. बाकाखाली हात घालून काहीतरी शोधलं. पाणी अजून तिथवर पोचलं नव्हतं.

परत आला तेव्हा त्याच्या मुठीत कापसाचा बोळा होता. सकाळचाच. तो त्यानं धैर्यशीलच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसला.

धैर्यशीलनं बोळ्याकडे पाहिलं. हिरवे कण चिकटलेले. एक कण त्यानं चिमटीत धरून चुरडला. पाला चुरडतो. हा चुरडला नाही. वाकला. त्याला एक बाजू हिरवी होती, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला लाकडाचा बारीक तंतू होता.

त्यानं नाकाशी नेला. तेलरंगाचा वास होता.

तो तसाच उभा राहिला. मग त्याचा उजवा हात आपोआप वर आला, बाजूला हवेत गेला, आणि त्याची बोटं मिटली. जणू तिथं दाराची चौकट होती.

…

“बाबा,” तो म्हणाला. “मी डोक्याकडे होतो.”

“होतास.”

“माझ्या समोर होता तो.”

बाबानं सर्जेरावकडे हात पसरून तंबाखू मागितली. सर्जेरावनं मुकाट दिली. बाबानं ती मळली, फुंकली, तोंडात टाकली. धैर्यशील अजून मिटलेल्या बोटांकडेच बघत होता.

“दार अरुंद नव्हतं, धैर्या.”